जुनी कॅसेट, नवी हलगी आणि नवशिक्याला पेलणारे सॉफ्टवेअर

सांगलीतील एका माध्यमिक शाळेत मी संगीत शिकवते. स्नेहसंमेलनात नववीच्या मुलामुलींना लेझीम खेळायची होती आणि तिच्यासाठी त्यांना रिमिक्स हवे होते. चित्रपटातील तयार गाणी घ्यावीत असा त्यांचा आग्रह होता. मला मात्र गावभागातल्या भजनी मंडळाच्या कॅसेटी आठवत होत्या. मंडळाच्या दिवंगत बुवांनी गायलेला तुकोबांचा एक अभंग त्यांत आहे आणि त्याची चाल मंडळाची पिढीजात आहे. त्या आवाजाला हलगी, टाळ आणि लेझमीची नवी जोड द्यावी, त्यावर मुलांनी खेळावे, असे मी सुचवले आणि मुलांनी ते आनंदाने मान्य केले. पुढचा प्रश्न होता तो हे सारे कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे याचा. या कामात मी पूर्णपणे नवी होते आणि ज्या मुलांच्या हाती ते द्यायचे होते तीही नवीच होती.

मंडळाची कॅसेट निवडण्यामागे कायद्याचाही विचार होता. तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले आहेत, त्यांवर आज कोणाचा हक्क नाही. परंतु एखाद्या प्रसिद्ध गायकाच्या बाजारातील ध्वनिमुद्रणावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क राहतो, आणि प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा सादरकर्ता म्हणून असलेला हक्क ५० वर्षे टिकतो. म्हणून बुवांच्या घरच्यांची आणि त्या कॅसेटवर पखवाज वाजवणाऱ्या आप्पांची लेखी संमती आम्ही आधीच घेतली. रिमिक्स शिकू पाहणाऱ्या मुलांनी सॉफ्टवेअर उघडण्याआधी ही गोष्ट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. मिरवणुकांना ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्या गणपती पेठेतल्या एका तरुणाने सांगितले, “मॅडम, व्हर्च्युअल डीजे टाका, दोन गाणी जोडायला दुसरं काही लागत नाही.” नववीतल्या एका मुलीने मोबाइलवर बँडलॅब उघडून दाखवले. पुण्यातल्या माझ्या भाच्याने एफएल स्टुडिओच घे, म्हणून गळ घातली. तिघांचेही सल्ले आपापल्या जागी योग्य होते, पण ही तीन सॉफ्टवेअर तीन वेगवेगळ्या कामांची आहेत हे मला हळूहळू उमगले. व्हर्च्युअल डीजे किंवा मोफत मिळणारे मिक्स्क्स यांसारखी सॉफ्टवेअर तयार गाणी एकामागून एक, लय जुळवून, लोकांसमोर वाजवण्यासाठी असतात. एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, रीपर किंवा बँडलॅब यांच्यात अनेक ट्रॅक एकावर एक रचून नवे संगीत उभे करता येते. ऑडॅसिटीसारखा संपादक मुळात ध्वनिमुद्रित आवाज घेणे, कापणे, स्वच्छ करणे आणि जोडणे यासाठी आहे. रिमिक्स हा एकच शब्द या तिन्ही कामांना लावला जातो, आणि कोणते सॉफ्टवेअर सोपे या प्रश्नावरचा बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

आमच्या अडचणी ठरलेल्या होत्या. शाळेचा लॅपटॉप विंडोजचा, चार जीबी रॅमचा. इंटरनेट फक्त कार्यालयात. खर्चाला मंजुरी जवळजवळ नाही. ॲपलचे गॅराजबँड नवशिक्यांसाठी फार सुबक आहे, पण ते मॅक आणि आयफोन-आयपॅडवरच चालते, त्यामुळे त्याचा विचार तेथेच थांबला. एलएमएमएस मोफत आहे आणि त्यात तालाचे तुकडे रचायला मजा येते. मात्र मी पाहिलेल्या त्याच्या स्थिर आवृत्तीत बाहेरचा आवाज थेट मुद्रित करण्याची सोय नाही, आणि आमचे तर सारे काम मुद्रणावरच उभे होते. एफएल स्टुडिओ ही बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीची निर्मिती १९९७ पासून फ्रूटी लूप्स या नावाने सुरू झाली आणि तालरचनेसाठी ती आजही अतिशय हाताळणीयोग्य आहे. तिच्या मोफत चाचणी आवृत्तीत केलेले काम जतन करता येते, पण बंद केल्यावर पुन्हा उघडता येत नाही. आठवड्यातून मिळतील तेवढ्या तासिकांत थोडे थोडे काम करणाऱ्या वर्गाला ही अट परवडण्यासारखी नव्हती. विकत घेणाऱ्याला पुढच्या सर्व आवृत्त्या आयुष्यभर विनामूल्य मिळतात, हा मात्र तिचा मोठा गुण आहे.

अखेर ऑडॅसिटी आणि बँडलॅब ही दोन समोरासमोर राहिली, आणि त्यांची खरी पारख कॅसेटनेच केली.

ऑडॅसिटीचे काम अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली सुरू झाले आणि २००० पासून ते सर्वांना मोफत उपलब्ध आहे. २०२१ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून त्यातला संपूर्ण प्रकल्प एकाच फाइलमध्ये साठतो. त्याआधी प्रकल्पाची फाइल वेगळी आणि आवाजाचे तुकडे ठेवणारा फोल्डर वेगळा असे. मुले पेन ड्राइव्हवरून फाइल घरी नेणार, परत आणणार. त्यात फोल्डर मागे राहिला की काम गेलेच. एका फाइलची ही सोय कागदावर क्षुल्लक वाटते, वर्गात ती फार मोलाची ठरते. ऑडॅसिटीत मराठी भाषाही निवडता येते. मी मात्र मेनू इंग्रजीच ठेवले, कारण मार्गदर्शनाचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी मेनू धरूनच बोलतात.

कॅसेट प्लेअरमधला आवाज लॅपटॉपमध्ये आणताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की आमच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच छिद्र आहे. ते माइकच्या क्षीण संकेतासाठी बनलेले असल्याने प्लेअरचा जोरकस संकेत तेथे फाटतो, शिवाय दोन बाजूंचा आवाज एकच होऊन येतो. लाइन-इन असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड जोडल्यावर हे दोन्ही प्रश्न सुटले. ४४,१०० हर्ट्झवर, ३२ बिटमध्ये आवाज घेतला आणि आवाजाची पट्टी लाल होणार नाही अशा बेताने पातळी ठेवली.

मग टेपची सरसर कमी करायची होती. ऑडॅसिटीत त्यासाठी नॉइज रिडक्शन आहे: गाणे सुरू होण्याआधीचा फक्त सरसर असलेला तुकडा निवडून सॉफ्टवेअरला त्याची ओळख करून द्यायची, आणि मग संपूर्ण अभंगावर ती क्रिया लावायची. आधी १२ डेसिबल ठेवून पाहिले. तेवढ्यावर सरसर जवळजवळ नाहीशी झाली, पण मागे चाललेल्या तानपुऱ्याचा प्राणही गेला. मिरज आमच्या शेजारीच. तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जवारी लावताना घोडीवर तार व दोरा सरकवत झंकार कसा उघडतात हे तेथील कारागिरांकडे मी जवळून पाहिलेले आहे. तो झंकार वरच्या उपस्वरांचा असतो, आणि टेपची सरसरही त्याच उंच पट्टीत पसरलेली असते. सॉफ्टवेअरला दोन्हींत फरक कळत नाही. म्हणून कमी करण्याचे प्रमाण निम्म्यावर आणले, थोडी सरसर राहू दिली आणि जवारी वाचवली. हा निर्णय कोणतेही यंत्र आपल्यासाठी घेणार नाही. मोबाइलवरची एका बटणात आवाज स्वच्छ करणारी ॲप मला या कामासाठी नापसंत आहेत ती याचमुळे, कारण त्यांत कमी-जास्त करायला जागाच नसते.

त्यानंतरचा प्रसंग सुराचा. बुवा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून गात, हे मंडळातल्या सर्वांना ठाऊक आहे. कॅसेटवर जी पेटी वाजते आहे तीच पेटी मंडळात आजही आहे. मी ती शाळेत मागवून घेतली आणि अभंगाशेजारी षड्ज धरून पाहिला. कॅसेटचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मध्ये कुठेतरी लागत होता. पखवाज हवेप्रमाणे चढतो-उतरतो, पण पेटीचे सूर इतके हलत नाहीत. म्हणजे प्लेअर तरी जलद चालत होता किंवा मूळ मुद्रण करणारे यंत्र सावकाश चालले होते. या स्थितीत नवी वाद्ये त्यावर बसवली असती तर पेटीवाल्या मुलाला एकही पट्टी सापडली नसती.

येथे ऑडॅसिटीचा जो गुण दिसला त्यामुळे माझा कौल जवळजवळ पक्का झाला. त्यात तीन क्रिया स्वच्छ वेगळ्या मांडलेल्या आहेत. पिच बदलले तर लय तशीच राहून सूर वर-खाली होतो, टेम्पो बदलला तर सूर तसाच राहून लय बदलते, आणि स्पीड बदलला तर कॅसेट हळू किंवा जलद फिरवल्याप्रमाणे दोन्ही एकदम बदलतात. पहिल्या दोन क्रियांत सॉफ्टवेअरला आवाजाचे बारीक तुकडे करून ते ताणावे किंवा चिकटवावे लागतात, त्यामुळे कंठात किंचित खरखर येते. आमची चूक टेपच्या गतीची होती, तेव्हा दुरुस्तीही गतीचीच हवी होती. काळी एक ते पांढरी दोन अशा अर्ध्या स्वराच्या अंतराला गतीत सुमारे ५.९ टक्के फरक पडतो. त्याच्या निम्मे उतरायचे म्हणून गती सुमारे २.८ टक्क्यांनी कमी केली. षड्ज पेटीवर येऊन बसला, सहा मिनिटांचा अभंग दहा-एक सेकंदांनी लांबला, आणि आप्पा ऐकता ऐकता म्हणाले, “आता बुवांचा आवाज बुवांचा वाटतोय. मघाशी कोणीतरी तरणा माणूस गातोय असं वाटत होतं.” सूर सुधारला की आवाजाचे वयही जागेवर येते, हे त्यांच्या कानाने मुलांना शिकवले.

मुलांना यानंतर बुवांचा आवाज पखवाजापासून वेगळा काढायचा होता. अशी सॉफ्टवेअर आता मोफत मिळतात; डीझर कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर खुले केले, मेटाचे डेमक्स आहे, आणि अल्टिमेट व्होकल रिमूव्हरसारख्या सॉफ्टवेअरमधून डेमक्स सहज वापरता येते. कार्यालयातल्या अधिक सक्षम संगणकावर आम्ही हा प्रयोग केला. ही साधने गाण्याचे साधारणपणे चार भाग करतात: कंठ, ड्रम, बेस आणि उरलेले सर्व. ही विभागणी पाश्चात्य बँडला धरून आहे. आमच्या अभंगात पखवाजाची धुमडी, म्हणजे खर्जाची डावी बाजू, बेसमध्ये गेली, शाईची उजवी बाजू ड्रममध्ये गेली, आणि पेटी तर बुवांच्या आवाजाला सावलीसारखी चिकटून राहिली, कारण भजनात पेटी गायकाच्याच ओळीवर चालते. बुवांचा आवाज मूळ वाद्यांसहच ठेवायचे आम्ही ठरवले, आणि मला वाटते मैदानावर तेच शोभले.

आता ताल. बँडलॅबची आणि ऑडॅसिटीची खरी कसोटी येथे लागली. बँडलॅब ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर मोफत चालते, त्यात तयार तुकडे भरपूर आहेत, आणि मुलांना ते लगेच हाताळता येते. पण त्याच्यासारखी बहुतेक रचना-सॉफ्टवेअर एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे मिनिटाला ठरावीक मात्रांची चौकट. तुकडा उचलला की तो चौकटीच्या रेघेवर जाऊन बसतो. भजनाची लय अशी चालत नाही. अभंग सावकाश उचलला जातो, प्रत्येक चरणाला थोडा पुढे सरकतो, ध्रुवपदावर परत येताना किंचित रेंगाळतो आणि शेवटच्या गजरात धावू लागतो. बँडलॅब दाखवणाऱ्या त्या मुलीने आठ मात्रांचा ठेका सुरुवातीला अचूक जुळवला होता. काही आवर्तनांतच ठेक्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, बुवांच्या मागून पडू लागली आणि गजरापर्यंत ठेका पार दुसरीकडे गेला.

त्यावर दोन मार्ग होते. एबलटन लाइव्ह किंवा रीपर यांच्यात गायकाचा आवाज जागोजाग ताणून चौकटीत बसवता येतो. दुसरा मार्ग चौकट मोडून तालाने गायकामागे चालण्याचा. मंडळात वाढलेल्या माणसाला यांपैकी कोणता पटेल हे सांगायला नको. ठेका गाण्याला बांधलेला असतो. बुवांचा दम, त्यांची थांबण्याची जागा मुलांच्या सोयीसाठी कापून सरळ करणे मला मान्य नव्हते.

ऑडॅसिटीत हे काम लेबल ट्रॅकने होते. अभंग वाजत असताना कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्या की त्या क्षणी एक खूण उमटते. आप्पा मांडीवर हात मारून सम दाखवत आणि एक मुलगा त्या टाळीवर कळा दाबी. अभंग संपला तेव्हा पडद्यावर समेच्या खुणांची रांग उभी होती, सुरुवातीला विरळ आणि शेवटाकडे दाटत गेलेली. वर्षानुवर्षे मी ज्याला लय वाढणे म्हणत आले ते मुलांना डोळ्यांनी दिसले. ३.४ या आवृत्तीपासून ऑडॅसिटी मात्रांची चौकटही दाखवते. ती आम्ही बंद ठेवली आणि टाळ-लेझमीचे तुकडे या खुणांवर हाताने बसवले.

हलगीचे तुकडे बसवण्यात अर्थ नव्हता, ती जिवंतच वाजायला हवी होती. मिरजेच्या बाजूच्या एका वाडीतले हलगीवाले काका आले. वर्गात वाजवा म्हटल्यावर ते म्हणाले, “बाई, हलगी शेकल्याबिगर बोलत न्हाई.” मैदानाच्या कडेला पाचटाचा जाळ करून त्यांनी कातडे ताणून घेतले आणि कानात हेडफोन घालून, बुवांचा आवाज ऐकत ते वाजवू लागले. हलगीचा घाव इतका अचानक आणि तीक्ष्ण असतो की जवळ ठेवलेल्या माइकमध्ये तो हमखास फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने सांधत नाही. माइक तीन-चार मीटर मागे नेला, पातळी अगदी कमी ठेवली.

मागचे ऐकत नवे मुद्रित करताना आणखी एक अडचण येते. संगणकाला आवाज आत-बाहेर करायला वेळ लागतो, म्हणून नवा ट्रॅक जुन्यामागे काही अंश उशिरा पडतो. ऑडॅसिटी उणे १३० मिलिसेकंदांची भरपाई आधीच धरून चालते, पण प्रत्येक यंत्राचा उशीर निराळा असतो. आम्ही टकटक असा आवाज तयार केला, हेडफोन माइकला टेकवून तोच पुन्हा मुद्रित केला आणि दोन टकटकींमधले अंतर मोजून भरपाईचा आकडा बदलला. हलगी समेवर आली. ज्यांना ऑडॅसिटीत वाद्य जुळत नाही अशी तक्रार असते त्यांनी वादकाला बोल लावण्याआधी हा आकडा पाहावा.

बँडलॅब आम्ही सोडून दिले नाही. अभंग संपल्यावर फक्त लेझीम चालते, तेथे कवायतीसाठी लय एकसारखी हवी असते, आणि त्या भागाचा ताल मुलीने कार्यालयातल्या इंटरनेटवर बँडलॅबमध्येच रचला. तो भाग वेव्ह फाइल म्हणून उतरवून ऑडॅसिटीत अभंगाच्या पाठोपाठ जोडला. आवाजाची पातळी सर्वत्र सारखी करताना ऑडॅसिटीत ३.२ या आवृत्तीपासून आलेल्या तत्क्षणी ऐकू येणाऱ्या इफेक्टांचा फार उपयोग झाला. वाजत असतानाच खटके फिरवून फरक ऐकता येतो, आणि नवशिक्याचा कान याने जितका लवकर तयार होतो तितका कोणत्याही पुस्तकाने होत नाही.

शेवटची फाइल दोन प्रकारांत काढली. वेव्ह मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा घेते, ती जपून ठेवण्यासाठी. आणि मैदानावरच्या ॲम्प्लिफायरसाठी एमपी३, कारण भाड्याने मिळणारी काही यंत्रे पेन ड्राइव्हवरून तेवढेच वाचतात. एमपी३ उघडून, कापून पुन्हा एमपी३ केली की दर वेळी आवाजाचा काही भाग कायमचा जातो, म्हणून पुढचे प्रत्येक संपादन प्रकल्पाच्या मूळ फाइलवरच करायचे असा नियम मी फळ्यावर लिहून ठेवला.

ज्या मुलाने समेच्या खुणा केल्या त्याला आता पुढे शिकायचे आहे. त्याच्यासाठी मी रीपर सुचवले आहे. ते ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते, वैयक्तिक परवाना ६० डॉलरना मिळतो, जुन्या लॅपटॉपवरही हलके चालते, आणि त्यात चौकट गाण्याच्या लयीप्रमाणे वाकवता येते. पहिल्या दिवशी त्याचे मेनू पाहून मूल बिचकेल, म्हणून ते पहिले सॉफ्टवेअर म्हणून मी कोणाच्याही हाती देणार नाही. तोवर तो मंडळाच्या उरलेल्या कॅसेटी ऑडॅसिटीत उतरवतो आहे. एका गौळणीत पखवाज फारच दबलेला आहे. इक्वलायझरने तो किती वर येतो ते पाहून, नाहीच आला तर आप्पांनाच पुन्हा वाजवायला बोलवायचे ठरले आहे.